लागलं कुठं?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई माझ्या कार्यालयात आल्या. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत चौपदरी घडी घातलेला एक कागद होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि तळहाताने दोनदा सपाट केला. पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची, सगळे जिला 'एन.सी.' म्हणतात त्या अदखलपात्र नोंदीची, ती प्रत होती; अशा गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. बांधावरून वाद झाला, शेजारच्या शेतकऱ्याने शिवीगाळ करून मारण्याची धमकी दिली, एवढाच मजकूर जेमतेम तीन ओळींत उरकलेला होता.

बाईंनी तोंडी सांगितलेली हकीकत मात्र याहून बरीच वेगळी होती. शेजाऱ्याने बांध कोरायला घेतला होता आणि त्या जाब विचारायला गेल्या होत्या. "आज तुला इथंच आडवी करतो," असे म्हणत त्याने हातातले फावडे दोन्ही हातांनी डोक्यावर उगारले, दोन पावले पुढे आला आणि ते त्यांच्या खांद्याच्या रोखाने खाली आणून वीतभर अंतरावर थांबवले. बाई मागे सरकताना पाय मुरगळून बसल्याही नाहीत, साधे खरचटलेही नाही. ठाण्यात त्यांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : "लागलं कुठं?" कुठेच लागले नव्हते, म्हणून लिहिण्यासारखेही काही नव्हते.

"लागलं नाही हे खरंच आहे, वकीलबाई," त्या म्हणाल्या, "पण त्या दिवसापासून मी त्या बांधाकडं एकटी गेले नाही."

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत पोलिसांकडून, नातेवाइकांकडून आणि क्वचित माझ्याच व्यवसायबंधूंकडूनही ऐकला आहे. अंगाला इजा झाली की गुन्हा सुरू होतो, तोवर सगळी नुसती बाचाबाची, ही समजूत त्यामागे आहे. फौजदारी कायद्याने ही समजूत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच बाजूला ठेवली, आणि तरीही ती आपल्या मनातून गेलेली नाही. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

मराठीत हल्ला किंवा हमला म्हटले की डोळ्यांसमोर काठ्या, रक्त आणि धावाधाव उभी राहते. कायद्यातला हमला याच्या कितीतरी आधी पूर्ण होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या बाबतीत १८६० च्या भारतीय दंड संहितेतली रचनाच जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आहे, आणि ती तीन पायऱ्यांची आहे. कलम १२८ मध्ये बळ म्हणजे काय ते सांगितले आहे : दुसऱ्या व्यक्तीला गती देणे, तिच्या गतीत बदल करणे किंवा ती थांबवणे, अथवा एखाद्या वस्तूला अशी गती देणे की ती त्या व्यक्तीच्या अंगाला, अंगावरच्या कपड्याला किंवा तिने जवळ बाळगलेल्या वस्तूला जाऊन लागेल. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातले वाटावे असे हे कलम आहे, कारण त्यात राग, द्वेष, हेतू यांपैकी काहीच येत नाही. ते कलम १२९ मध्ये येते. संमतीशिवाय आणि हेतुपुरस्सर बळ वापरले, आणि ते गुन्हा करण्यासाठी किंवा समोरच्याला इजा, भीती अथवा त्रास व्हावा म्हणून, किंवा तसे होण्याचा संभव आहे हे माहीत असताना वापरले, तर तो फौजदारीपात्र बलप्रयोग ठरतो. त्यानंतर कलम १३० मध्ये हमल्याची व्याख्या येते. आपण आता असा बलप्रयोग करणार आहोत असे समोर हजर असलेल्या व्यक्तीला वाटावे या हेतूने, किंवा तसे तिला वाटण्याचा संभव आहे हे माहीत असताना, एखादा हावभाव किंवा तयारी करणे म्हणजे हमला.

स्पर्शाचा उल्लेख या व्याख्येत कुठेही नाही. स्पर्श झाला की आपण मागच्या पायरीवर, बलप्रयोगावर गेलो, आणि वेदना किंवा इजा झाली की 'दुखापत' या वेगळ्याच गुन्ह्याच्या हद्दीत शिरलो. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातही 'असॉल्ट' आणि 'बॅटरी' हे दोन वेगळे अपराध होते व आहेत. धास्ती घालणे हा पहिला आणि प्रत्यक्ष अंगाला हात लावणे हा दुसरा. बोलीभाषेने तिथेही या दोहोंची सरमिसळ केली आहे.

मला या व्याख्येतली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की ती गुन्हा करणाऱ्याच्या हेतूकडे आणि जाणिवेकडे पाहते. समोरची व्यक्ती प्रत्यक्षात घाबरली की नाही, यावर गुन्हा होणे न होणे अवलंबून ठेवलेले नाही. धीट माणसावर उगारलेली काठीही हमलाच असते. रिकाम्या पिस्तुलाचे उदाहरणही याच अंगाने पाहावे लागते : पिस्तुलात गोळी नाही हे रोखणाऱ्याला माहीत असते, समोरच्याला नसते, आणि समोरच्याला ते माहीत नाही हेही रोखणाऱ्याला पक्के माहीत असते. खऱ्याखुऱ्या धोक्याइतकेच, आता आपल्यावर हात पडणार हे वाटायला लावण्यालाही कायद्याने वजन दिले आहे.

मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा मसुदा तयार केला. कलमांखाली छोटी छोटी उदाहरणे देण्याची पद्धत त्या मसुद्यापासूनची आहे. हमल्याच्या व्याख्येखाली तीन उदाहरणे आहेत. पहिल्यात एक जण दुसऱ्यावर मूठ उगारतो. दुसऱ्यात एक जण चवताळलेल्या कुत्र्याच्या तोंडाचे मुसके सोडायला लागतो; कुत्रा अजून सुटलेला नाही, हात फक्त पट्ट्याशी गेला आहे, आणि तरीही समोरच्याच्या मनात जे व्हायचे ते होऊन गेलेले असते, म्हणून हाही हमलाच. तिसरे उदाहरण माझ्या पक्षकार बाईंच्या हकिकतीच्या सर्वात जवळचे आहे. एक जण काठी उचलतो आणि म्हणतो, "तुला आता चोपतो." नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, आणि नुसती काठी उचलणे हादेखील एरवी कदाचित हमला ठरणार नाही, कारण माणूस काठी शंभर कारणांनी उचलतो. परंतु शब्दांनी हावभावाला अर्थ दिला की दोन्ही मिळून हमला होऊ शकतो.

शब्द हावभावाला अर्थ देतात तसेच ते त्याची धारही काढून घेऊ शकतात. १६६९ सालच्या इंग्लंडमधल्या एका खटल्याचे उदाहरण यासाठी आजही दिले जाते. एका माणसाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि तो म्हणाला की न्यायाधीश फिरतीवर गावात आलेले नसते तर तुझे हे बोलणे मी खपवून घेतले नसते. न्यायाधीश गावात होतेच. म्हणजे तलवार उपसणार नाही असेच तो सांगत होता, आणि न्यायालयाने तो हमला मानला नाही. आपल्याकडे २०१५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रारवजा मजकूर लिहिला म्हणून लोकसेवकावरील हमल्याचे कलम लावण्यात आले होते. हमला नाही, बलप्रयोग नाही, तर हे कलम लागूच कसे होईल, असे म्हणून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. बाईंच्या तक्रारीतल्या तीन ओळींचा दोष हाच होता. शिवीगाळ व धमकी लिहिली गेली, फावडे लिहिलेच गेले नाही, आणि फावड्याशिवाय उरले ते केवळ शब्द.

धमकी आणि हमला यांतले अंतर काळाचे आहे. "उद्या तुला बघून घेतो" हा फौजदारीपात्र धाकदपटशा होऊ शकतो. हमल्यासाठी 'आत्ता' लागते. नव्या संहितेतल्या क्रमांकांनी या दोन गुन्ह्यांची अधिकच गल्लत केली आहे. जुन्या दंड संहितेत हमल्याची व्याख्या कलम ३५१ मध्ये आणि शिक्षा कलम ३५२ मध्ये होती. नव्या संहितेत ३५१ हे धाकदपटशाचे कलम आहे आणि ३५२ हे शांतताभंग व्हावा म्हणून मुद्दाम केलेल्या अपमानाचे. ज्यांची अर्धी हयात जुने क्रमांक पाठ करण्यात गेली, त्यांच्या हातून कागदावर चूक होणे स्वाभाविक आहे, पण ती चूक भोगावी लागते तक्रारदाराला.

आता शिक्षेकडे येते. साध्या हमल्यासाठी किंवा बलप्रयोगासाठी कलम १३१ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. १८६० मध्ये दंडाची मर्यादा पाचशे रुपये होती. एवढ्या काळात ती दुप्पट झाली, आणि तीन महिने मात्र तीनच राहिले. ज्याच्यावर हमला झाला त्यानेच गंभीर आणि अचानक चिथावले असेल तर कलम १३६ खाली ही शिक्षा एक महिन्याच्या साध्या कारावासापर्यंत खाली येते; अर्थात ते निमित्त आरोपीने स्वतः ओढवून आणलेले नसावे. बाईंचा जाब विचारणे हीच चिथावणी होती, असा बचाव समोरच्या बाजूने पुढे येईल हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होते.

याउलट हेतू बदलला, किंवा समोरची व्यक्ती बदलली, की त्याच हावभावाची किंमत एकदम वाढते. स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने केलेल्या हमल्याला कलम ७४ खाली किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे कारावास आहे. २०१३ च्या दुरुस्तीपूर्वी तिथेही कमाल दोनच वर्षे होती आणि किमान मर्यादा नव्हतीच. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हमला केला तर कलम १३२ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतील व्यक्तींसाठी २०१० चा स्वतंत्र अधिनियम आहे व त्याखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. या तरतुदी मला अनाठायी वाटत नाहीत. तरीही बाईंना हे समजावून सांगताना माझी जीभ अडखळली, कारण त्याच बांधावर, त्याच माणसाने, तेच फावडे मोजणीला आलेल्या भूकरमापकावर उगारले असते तर पोलिसांनी त्याला वॉरंटाशिवाय अटक केली असती. फावडे बाईंवर उगारले गेले म्हणून ती झाली एन.सी.

इजा झाल्यावरची उतरंड बहुतेकांना थोडीफार ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगते. शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता आणणे ही दुखापत, आणि तिला कलम ११५ खाली एक वर्षापर्यंत कारावास. जबर दुखापतीचे आठ प्रकार कलम ११६ मध्ये दिले आहेत, ज्यांत हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे येते, आणि पंधरा दिवस तीव्र वेदना राहणे किंवा रोजचे व्यवहार करता न येणे हेही येते. जुन्या कायद्यात हीच मुदत वीस दिवसांची होती. जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कारावास आहे, मात्र ती जबर होईल असा हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते. चापटीने आधीच हलणारा दात पडला तर सात वर्षांचे कलम आपोआप लागत नाही. घातक हत्याराने केलेली दुखापत, ॲसिड आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी शिक्षा याहून चढत्या आहेत. दुसऱ्या टोकाला कलम ३३ आहे, जे सामान्य समजुतीचा माणूस तक्रारही करणार नाही इतकी क्षुल्लक हानी गुन्ह्यातून वगळते. मुंबईतल्या एका भांडणात एकाने दुसऱ्यावर भिरकावलेली कागदांची फाइल त्या दुसऱ्याच्या पत्नीच्या कोपराला लागून ओरखडा उठला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली ही हानी या क्षुल्लकतेच्या तत्त्वात बसवली. लागले होते, तरी गुन्हा ठरला नाही. बाईंच्या बाबतीत लागले नव्हते, तरी गुन्हा घडला होता.

कायदा या धास्तीला किती गंभीर मानतो हे पाहायचे असेल तर खाजगी बचावाच्या हक्काकडे पाहावे. कलम ४० सांगते की स्वतःच्या शरीराचा बचाव करण्याचा हक्क धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच सुरू होतो, गुन्हा प्रत्यक्ष घडलेला नसला तरी. फावडे खाली येईपर्यंत वाट पाहा, असे कायदा कोणालाही सांगत नाही. त्या क्षणी बाईंनी शेजाऱ्याला ढकलून दिले असते आणि तो पडून त्याला खरचटले असते, तर त्यांना या हक्काचे संरक्षण मिळाले असते. गंमत नव्हे, खेद याचा वाटतो, की मग ठाण्यात "लागलं कुठं?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे असते, त्यांच्याकडे नसते.

खरी अडचण व्याख्येत नाही आणि तीन महिन्यांतही नाही. ती प्रक्रियेत आहे. कलम १३१ चा गुन्हा अदखलपात्र, जामीनपात्र आणि आपसात मिटवण्याजोगा आहे. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे पोलिसांनी नोंद करायची, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगायचे, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करायचा नाही. प्रत्यक्षात बहुधा दोन्ही बाजूंवर शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेण्याची कारवाई, म्हणजे बोलीतली 'चॅप्टर केस', होते आणि ज्याच्यावर फावडे उगारले तोही त्याच रांगेत उभा राहतो. खाजगी फिर्याद करायची तर ती वर्षाच्या आत करावी लागते, आणि याच प्रक्रियेच्या संहितेप्रमाणे फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीलाही म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. प्रत्येक उगारलेला हात दखलपात्र करा, असे मी म्हणणार नाही. तसे झाले तर गावातल्या प्रत्येक बाचाबाचीत अटकेचा अधिकार पोलिसांच्या हाती जाईल आणि तो वापरला कोणावर जाईल याची मला कल्पना आहे. परंतु नोंद नीट लिहायला कुठलीही दुरुस्ती लागत नाही. हातात काय होते, ते कुठवर उचलले, किती अंतरावर आले, तोंडाने काय म्हटले, ही चार वाक्ये त्या कागदावर असती तर दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागताना माझे निम्मे काम झाले असते.

ही वाट अवघड आहे म्हणूनच लोक दुसरी वाट धरतात. एकाच घटनेत एक जरी दखलपात्र गुन्हा असला तरी सगळे प्रकरण दखलपात्र समजले जाते, त्यामुळे तक्रारीत काहीतरी वाढवून घालण्याचा मोह होतो. न्यायालयाच्या व्हरांड्यात एका ओळखीच्या माणसाने बाईंना हेच सुचवले : "हात धरला म्हणून सांगा, लगेच गुन्हा दाखल होतो." मी काही बोलण्याच्या आतच बाई म्हणाल्या, "धरला नाही तर कसं सांगू?" फावडे उगारले हे जितक्या ठामपणे त्या सांगत होत्या, तितक्याच ठामपणे त्यांनी हे सांगितले. खोटे विनयभंगाचे कलम खऱ्या विनयभंगाच्या तक्रारींना किती महाग पडते हे त्या बाईंना कोणी शिकवले नव्हते.

आम्ही कलम १३१ आणि ३५१ खाली खाजगी फिर्याद दाखल केली. पडताळणी जबाबाच्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी त्यांना शपथेवर विचारले की नेमके काय झाले. बाई आधी शब्दांत सांगत होत्या आणि शब्द अपुरे पडत होते. मग त्यांनी पदराचे टोक कमरेला खोचले, दोन्ही मुठी एकावर एक ठेवून हात डोक्यावर नेले, एक पाऊल पुढे टाकले आणि हात झपकन खाली आणून टंकलेखन करणाऱ्या लिपिकाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबवले. लिपिक मान खाली घालून लिहीत होता. त्याने दचकून अंग मागे घेतले आणि त्याची खुर्ची भिंतीला आपटली.

न्यायकक्षात क्षणभर कोणीच बोलले नाही. नंतर दंडाधिकाऱ्यांनी चष्मा सरळ केला आणि मजकूर सांगायला सुरुवात केली : "आरोपीने दोन्ही हातांनी फावडे डोक्यावर उगारून माझ्या दिशेने दोन पावले..." लिपिकाने खुर्ची पुढे ओढली आणि तो लिहून घेऊ लागला.